घर स्वस्त, पगारही स्वस्त: वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रामीण काउंटीत जावे का?

मोकळा_वाफा (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही सात वर्षे न्यू जर्सीत, एडिसनला राहत आहोत. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आहे; पती सॉफ्टवेअरमध्ये असून घरूनच काम करतात. मुलगी पाच वर्षांची आहे. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचे भाडे महिन्याला २,६५० डॉलर जाते, आणि दर मार्चमध्ये भाडेवाढीचे पत्र आले की आमच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. या भागात घर घेण्याचा प्रयत्न तीनदा केला आणि तिन्ही वेळा पहिल्याच बोलीत बाहेर पडलो.

गेल्या महिन्यात मला वेस्ट व्हर्जिनियाच्या आग्नेय भागातून, लुईसबर्गपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या रुग्णालयाकडून नोकरीचा प्रस्ताव आला. काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, नाव मुद्दाम लिहीत नाही. वस्ती इतकी विरळ आहे की नाव लिहिले तर मी कोण हे लगेच कळेल. सध्या मला तासाला ४१ डॉलर मिळतात, तिथे साडेसत्तावीस मिळतील. पण तिथेच एक एकर जागेसह तीन बेडरूमचे घर १,३५,००० डॉलरला आहे. त्याची छायाचित्रे मी इतक्या वेळा पाहिली आहेत की स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला गेलेला तडासुद्धा आता ओळखीचा झाला आहे.

माझा हिशेब असा आहे. वर्षाचे २,०८० तास धरले तर माझे उत्पन्न ८५,२८० वरून ५७,२०० वर येते, म्हणजे २८,०८० ची घट होते. आमच्या एकत्रित उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावरचा केंद्राचा कर, राज्याचा कर आणि सोशल सिक्युरिटी मिळून ३५ टक्के धरले तर प्रत्यक्ष हातात येणाऱ्या पैशांतली घट १८,२५० च्या आसपास भरते. दुसऱ्या बाजूला, २० टक्के डाउन पेमेंट देऊन उरलेल्या १,०८,००० चे कर्ज पावणेसात टक्क्यांनी तीस वर्षांसाठी काढले तर हप्ता ७०० डॉलर येतो. मालमत्ता कर व विमा मिळून १८० धरले, तर महिन्याला ८८० लागतील. भाड्याच्या तुलनेत वर्षाला २१,२४० वाचतात. थोडक्यात, पगार एक तृतीयांशाने घटूनही आम्ही तीन हजारांनी वर राहतो आणि घर आमचे होते. सही करण्याआधी अशा भागात राहिलेल्यांचे मत हवे आहे.

हिशेबनीस

तुमची बेरीज बरोबर आहे, पण पानावर निम्म्याच रकमा आहेत. तुम्ही घर आणि पगार समोरासमोर ठेवले आणि बाकी सारे तेच राहील असे गृहीत धरले. ते तसे राहत नाही. निरनिराळ्या भागांतील किमतींची तुलना करणारे सरकारी निर्देशांक पाहिले तर देशाची सरासरी १०० धरल्यास वेस्ट व्हर्जिनिया ९० च्या आसपास येते. पण ही घसरण मुख्यतः भाड्यात असते. वस्तूंच्या किमतीत फरक अगदीच थोडा पडतो. टोयोटा गाडी, फोन, औषधे, मुलीच्या कॉलेजचा खर्च आणि सुट्टीत मुंबईला जायची तीन तिकिटे यांना तुम्ही कोणत्या काउंटीत राहता याच्याशी काही देणेघेणे नसते. हे सगळे तुम्हाला साडेसत्तावीस डॉलरच्या तासांतून विकत घ्यायचे आहे.

दोन गोष्टी कळल्या तर पुढचे सांगता येईल. घरापासून रुग्णालय किती मैल आहे, आणि पतीच्या कंपनीला हा पत्ता चालणार आहे का?

मोकळा_वाफा

घरापासून रुग्णालय २२ मैल आहे. सध्या मी सहा मैल जाते. पतीने आजच विचारणा केली. कंपनी राहण्याच्या ठिकाणानुसार पगाराचे पट्टे ठरवते, त्यामुळे त्यांच्या १,१८,००० मध्ये ८ टक्के कपात होईल असे उत्तर आले. काम तेच, व्यवस्थापक तोच आणि बैठकाही त्याच, तरी खिडकीबाहेर डोंगर दिसला की कामाची किंमत ८ टक्क्यांनी उतरते, हे मला अजून पटलेले नाही.

हिशेबनीस

मग पुढचा हिशेब करू. वर्षातून २४० दिवस ४४ मैल म्हणजे १०,५६० मैल होतात. सध्याचे २,८८० वजा केले तर ७,६८० मैल जास्तीचे. आयकर खात्याचा २०२५ चा मैलामागे ७० सेंटचा दर लावला, तर ५,३७६ डॉलर. या दरात इंधनाबरोबर गाडीची झीज आणि विमाही येतो, त्यामुळे सगळे पैसे दर महिन्याला खिशातून जाताना दिसत नाहीत, पण गाडी बदलायच्या दिवशी ते एकदम दिसतात. तुमच्या वरच्या तीन हजारांतून हे वजा केले की तुम्ही सुमारे २,४०० ने खाली येता. पतीची कपात ९,४४० ची आहे. करानंतर ती ६,१०० च्या पुढे राहते. एकूण खोट साडेआठ हजारांच्या घरात जाते.

पहिल्या वर्षी हप्त्यांतले अकराशे-बाराशे डॉलर मुद्दलात जातील, ती तुमची बचत समजा. पण जुन्या घराच्या डागडुजीला किमतीच्या एक टक्का धरला तरी तेवढेच जातात, म्हणून मी दोन्ही सोडून दिले. रुग्णालय निवृत्ती खात्यात पगाराच्या ४ टक्के भर घालत असेल तर तीही वर्षाला अकराशेने घटेल. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते, तेव्हा ऐन उमेदीतली कमी पगाराची वर्षे तिथेही मोजली जातील.

डोंगरवस्ती

मी नऊ वर्षे बेकलीच्या बाजूला राहतो आणि सुखात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझे घर ९८,००० चे आहे, त्यातले कर्ज गेल्या वर्षी फिटले. मालमत्ता कर ऐकून न्यू जर्सीतले मित्र पुन्हा विचारतात की हा महिन्याचा की वर्षाचा. या राज्यात कर घराच्या बाजारभावाच्या ६० टक्क्यांवर आकारतात आणि स्वतः राहत असलेल्या घराला दरही निम्मा लागतो. घरमालकांचे प्रमाण देशात सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत हे राज्य अग्रभागी आहे, ते उगाच नाही.

पण माझे सुख कशावर उभे आहे हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. माझी वेतनश्रेणी वॉशिंग्टनमध्ये ठरते. महागड्या शहरांत तिच्यावर जास्त भत्ता मिळतो, आम्हाला 'उर्वरित अमेरिका' या गटाचा मिळतो, तरीही इथल्या बाजारात तो पगार भरभक्कम ठरतो. माझे शेजारी लाकूड गिरणीत आहेत, त्यांच्या पत्नी डॉलर स्टोअरमध्ये. राज्याचे किमान वेतन २०१६ पासून ८ डॉलर ७५ सेंटवर आहे आणि केंद्राचे २००९ पासून सव्वासातवर. त्यांचे घर माझ्या घराहून स्वस्त आहे, पण गेल्या जानेवारीत घर गरम ठेवायच्या प्रोपेन गॅसची टाकी भरायला त्यांनी दोन वेळा थोडे थोडे पैसे दिले, कारण एकदम भरणे परवडत नव्हते. टाकीवरचा काटा २० टक्क्यांच्या खाली गेला की ते बेडरूम बंद करून बैठकीच्या खोलीत झोपतात. एकाच रस्त्यावर दोन घरे, दोन्ही स्वस्त. एकाला ती स्वस्ताई उपभोगता येते, दुसऱ्याला तिच्यात जेमतेम तगता येते.

म्हणून पगार बाहेरून येणार की इथल्या बाजारातून, हे आधी ठरवा. राज्यालाही हे कळते. २०२१ पासून बाहेरच्या नोकऱ्या घेऊन इथे राहायला येणाऱ्यांना १२,००० डॉलर देण्याची 'असेंड' नावाची योजना चालू आहे. इथे येऊन इथलीच नोकरी करणाऱ्याला त्यात जागा नाही.

व्हिसा_आणि_विळी

पगाराच्या चर्चेत एक गोष्ट सुटू नये. पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर घरून काम करण्याची मुभा म्हणजे कुठूनही काम करण्याची मुभा नव्हे. त्यांच्या अर्जात कामाचे ठिकाण आणि त्या क्षेत्राचे प्रचलित वेतन नोंदलेले असते. नवे घर त्या महानगर क्षेत्राबाहेर असेल तर इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या निर्णयानंतर कंपनीने स्थलांतराआधी सुधारित अर्ज दाखल करणे बंधनकारक आहे. आधी सामान हलवायचे आणि नंतर मनुष्यबळ विभागाला कळवायचे, हे अजिबात करू नका. तुम्ही एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर असाल तर तुमची नोकरीही त्यांच्याच स्थितीवर टेकलेली आहे, आणि त्यांची नोकरी गेली तर छोट्या काउंटीत दुसरी नोकरी साठ दिवसांच्या मुदतीत मिळणे किती कठीण आहे याचा विचार करून मगच तीस वर्षांचे कर्ज काढा.

मोकळा_वाफा

होय, मी एच-४ ईएडीवरच आहे. हा मुद्दा आमच्या वहीत नव्हता.

जुना_वासा

घर पाहावे बांधून म्हणतात. मी म्हणेन, घर पाहावे विकून. २०१४ मध्ये आम्ही मर्सर काउंटीत ब्लूफील्डजवळ ६२,००० ला घर घेतले. छपरावर ११,००० घातले, घर तापवणारी भट्टी बदलली, मागची ओसरी स्वतःच्या हाताने रंगवली. सहा वर्षांनी नोकरीसाठी कोलंबसला जावे लागले. घर १९ महिने बाजारात होते. आम्ही तिकडे भाडे भरत होतो, इकडे विमा, कर आणि गवत कापणाऱ्याचे पैसे. शेवटी ५४,००० ला गेले.

खोटे कोणी बोलले नव्हते. जिथे माणसेच कमी होत आहेत तिथे गिऱ्हाईक येणार कुठून? आमच्या शेजारच्या मॅकडॉवेल काउंटीत १९५० मध्ये जवळजवळ ९९,००० लोक होते. कोळशाच्या खाणींत यंत्रे आली, मग खाणी बंद पडत गेल्या, आणि २०२० च्या जनगणनेत १९,१११ उरले. घराची कमी किंमत आणि कमी पगार यांना आपण तराजूच्या दोन पारड्यांत घालतो, पण दोन्ही येतात एकाच कारणातून. तिथे माणसाची मागणी कमी आहे, म्हणून त्याचे श्रमही स्वस्त आणि त्याचे छप्परही स्वस्त. न्यू जर्सीत भाड्याने राहून तुम्ही महिन्याला २,६५० घालवता हे खरे. पण महिन्याभराच्या सूचनेवर उठून जाण्याची सोयही त्यात विकत घेता.

याहून स्वस्त, चाळीस-पन्नास हजारांची घरे पाहत असाल तर एवढ्या छोट्या कर्जात बँकांना रस नसतो हे ध्यानात ठेवा. कागदपत्रांचा खर्च तोच आणि व्याज थोडे, म्हणून ते टाळतात. अशी घरे रोखीनेच घेतली जातात. फिरती घरे (मोबाइल होम) असतील तर १९७६ च्या जूनआधी बनलेल्या घरावर सरकारी हमीचे कर्ज मिळत नाही. आणि खरेदीखतात जमिनीखालचे खनिज हक्क कोणाचे आहेत ते वाचा. आमच्या अंगणाखालचा कोळसा आमचा नव्हता. तो शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी विकून टाकला होता.

वाशिष्ठी

मी मूळची चिपळूणची आहे, त्यामुळे स्वस्त घर म्हटले की आधी नदी कुठे आहे ते पाहते. जुलै २०२१ मध्ये आमच्या मावशीच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होते. तुम्ही म्हणता त्याच भागात, ग्रीनब्रायर काउंटीत, २३ जून २०१६ ला मोठा पूर आला. रेनेल आणि व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज ही गावे उद्ध्वस्त झाली आणि राज्यात २३ माणसे गेली. डोंगराळ मुलखात सपाट जागा ओढ्याकाठीच असते, म्हणून गावेही तिथेच वसली. घर पूररेषेत असेल तर कर्ज देणारी बँक पूरविमा सक्तीचा करते आणि तुमचे महिन्याचे १८० तिथेच वाहून जातात. रेषेबाहेर असेल तरी विमा घ्या. पॉलिसी घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होते, ढग पाहून घेता येत नाही.

पाटी_पेन्सिल

मी लुईसबर्गजवळ राहते आणि गणित शिकवते. मात्र राज्याच्या सीमेपलीकडे, व्हर्जिनियात. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या पंचावन्नही काउंट्यांतले शिक्षक संपावर गेले होते, त्या वेळी मी इकडच्याच शाळेत होते. पगार तुटपुंजा होताच, पण ठिणगी पडली ती आरोग्यविम्याच्या वाढत्या हप्त्यांवरून. शाळेचे नऊ दिवस बंद राहिल्यावर ५ टक्के वाढ मिळाली. वाढ मिळाल्यावर मी हिशेब केला आणि पुढच्या वर्षी पलीकडे अर्ज केला. दोन्ही राज्यांत करार असल्यामुळे पगारावर व्हर्जिनियाचा कर कापला जात नाही. मी राहते तिथलाच भरते. घर या बाजूला आणि पगार त्या बाजूला, अशी सोय सीमेवरच्या मोजक्या गावांनाच मिळते.

आधी वर्षभर भाड्याने राहून पाहू, असे कोणी सुचवण्याआधी सांगते: भाड्याने मिळणारे चांगले घर हीच इथली सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. विकाऊ पाट्या जागोजागी दिसतात, पण त्यांतली निम्मी घरे गळकी, आजोबांच्या नावावर अडकलेली किंवा विहिरीच्या पाण्याला गंधकाचा वास असलेली. मॅकडॉवेलमध्ये घरे कवडीमोल असूनही नव्या शिक्षकांना राहायला जागा मिळेना, म्हणून शिक्षक संघटनेने पुढाकार घेऊन वेल्च गावात त्यांच्यासाठी इमारत उभी करवली. भाव कमी असणे आणि घर मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

रानवाट

इतके हिशेब झाले, पण शांतता, तारे, मुलीला अंगण, शेजाऱ्यांनी न सांगता बर्फ काढून देणे, याची किंमत कोणी लावली का?

हिशेबनीस

लावूया की. साडेआठ हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला सातशे डॉलर. अंगण आणि तारे त्या किमतीला हवे असतील तर जरूर घ्यावेत. मी स्वतः कदाचित घेईन. फक्त ते फुकट मिळत आहेत, वर तीन हजार हातात उरत आहेत, असे समजून घेऊ नयेत.

नळी_क्रमांक_सात

मीही प्रयोगशाळेतली आहे, म्हणून एक वेगळी वाट सुचवते. ग्रामीण रुग्णालये कायम नोकरीला स्थानिक दराने पगार देतात, पण त्याच बाकावर, त्याच यंत्रापाशी तेरा आठवड्यांच्या कंत्राटावर येणाऱ्या फिरत्या टेक्नॉलॉजिस्टला देशाच्या बाजाराचा दर द्यावा लागतो, कारण नाहीतर कोणी येतच नाही. मी नेब्रास्कातल्या २५ खाटांच्या रुग्णालयात असे एक कंत्राट केले. माझ्या शेजारी बसणारी, वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई माझ्यापेक्षा तासाला दहा डॉलर कमी घेत होती, आणि रात्री रक्तगट जुळेना तेव्हा मी तिलाच विचारत होते. ते मला आजही खटकते.

तुम्ही एडिसनचे घर ठेवून, त्याचे भाडे भरत राहून गेलात तर राहण्याचा भत्ता करमुक्त मिळू शकतो. दोन्हीकडे खरोखर खर्च होत असल्याची कागदपत्रे मात्र ठेवा. पतीचा पत्ता बदलत नाही, म्हणून सुधारित अर्ज नको आणि ८ टक्क्यांची कपातही नको. आणि तुम्हाला तो मुलूख आतून पाहता येईल.

मोकळा_वाफा

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण आम्ही मधल्या काळात प्रत्यक्ष जाऊन आलो. घर छायाचित्रांपेक्षा चांगले आहे. ओट्याचा तडा मात्र ओट्यापुरता नाही. तो मागच्या भिंतीतून खाली तळघरापर्यंत गेला आहे, आणि तळघरात कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ आहे. ती कधीची, हे एजंटला सांगता आले नाही. ओढा दोनशे फुटांवर आहे. वाशिष्ठी, रेघ दिसताच मला तुमचीच आठवण झाली.

रुग्णालयातली माणसे मात्र फार आवडली. प्रयोगशाळेत चौघीच आहेत, आणि त्यांतल्या एकीने पगाराचा विषय मीच काढल्यावर सरळ सांगितले की तिचे घर आईवडिलांचे आहे म्हणून तिचे भागते. हप्ता असता तर ती इथे राहिली नसती. मी कायम नोकरीचा प्रस्ताव नाकारला आणि त्यांनाच कंत्राटाबद्दल विचारले. एजन्सीमार्फत त्याच भागात जानेवारीपासून तेरा आठवडे ठरले आहेत. राहायला त्यांच्याच ओळखीने एका घराची वरची खोली मिळाली. मुलगी आणि तिचे बाबा एडिसनलाच राहतील. मार्चचे पत्र येईल तेव्हा मी इथे नसेन, ते एक बरे.

डोंगरवस्ती

उत्तम. डिसेंबरातच बर्फाचे टायर घालून घ्या. इथे पोहोचल्यावर दुकानात तुमचे माप मिळेलच असे नाही. विम्यात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' आहे ना हे तपासा, कारण हरणाला गाडी धडकल्यास भरपाई त्यातून मिळते, 'कोलिजन'मधून नाही, आणि या बाबतीत आमचे राज्य वर्षानुवर्षे देशात पहिले आहे. रात्रपाळीहून येताना एक हरीण रस्ता ओलांडून गेले की लगेच निघू नका. मागून दुसरे येत असते.